फटफटीवरची गोधडी

हसू नका गड्याहो, तवा मी काडीवानी होतो. फटफटीवर वारा छातीत असा धडके का हँडलच डगमगे. म्हणून अकोल्याहून वलगावले पोरगी पाहाले निघालो, तं कोटात मायची गोधडी खुपसली. वारा लागेना, पण तिथं पोचल्यावर गोधडी काढाची राहूनच गेली!

होणारा सासरा खुश. म्हणे, "पोरगा खात्यापित्या घरचा दिसते!" आन् लग्न पक्कं.

घरी सांगतलं तं माय म्हणे, "आता लग्नातही गोधडी घालजो बापा, नाही तं पोरगा बदलवला म्हणतीन."

भर वैशाखात मांडवात उभा, घामानं निथळून राहिलो. हार घालता घालता नवरी हळूच म्हणते, "काढा ना आता गोधडी. पाहाले आले तवाच कोटाखालून ठिगळ दिसलं मले."