लिहायच्या आधी आय दाबा

...नाही, चूक माझी कशी ते मला कळू दे, म्हटलं, लवू, तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असशील, बँकेत कॉम्प्युटर सांभाळत असशील, पण लिहायला बसलेल्या माणसाने आधी लिहायची परवानगी मागायची हा कुठला न्याय? तुम्हाला सांगते, कागद कधी विचारतो का?

झालं असं, की गिरणी कामगारांच्या घरांसाठी आमच्या वायंडिंग खात्यातल्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या, बायकांची यादी द्यायची होती. शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद, यादीत नाव नाही तर घर नाही, आणि यादी टाईप केलेलीच हवी, तीही इंग्रजीत. म्हटलं, हवी तर हवी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, इंग्रजी अक्षरं शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, आणि टायपिंग सुमेधाकडे, म्हणजे आमच्या बीडीडी चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीकडे. तिच्या कॉम्प्युटरवर कसं साधं... अक्षर दाबलं, अक्षर उमटलं, विषय संपला. हां, तो माऊस फिरवून फिरवून मनगट धरतं, ओळ इकडची तिकडे न्यायची तर जीव जातो, खोटं कशाला बोलू? पण तिचा कॉम्प्युटर मला विचारत नाही, बाई, आज लिहिणार की हुकूम सोडणार?

नेमका तिचा बिघडला. मग लवूने आपला जुना आणून ठेवला, आणि त्यात लिहायचा त्याचा लाडका प्रोग्रॅम, एडिटर म्हणे. "मावशी, खरा एडिटर हा. यात दोन मोड. आय दाबलंस की लिहायचं, एस्केप दाबलंस की हुकूम द्यायचे. एकेका अक्षरात ओळीच्या ओळी उडवता येतात. फक्त सवय लागली पाहिजे."

सवय. बारा वर्षं गिरणीत काढली मी. मशीन चालू असली की शेजारणीच्या कानात ओरडावं लागायचं, बंद पडली की आपलाच श्वास ऐकू यायचा. चालू की बंद, आंधळ्यालाही कळायचं. याचं काय कळतं? तोच काळा पडदा, तीच लुकलुकती काडी, आणि आतून मेला बदललेला. कागद कधी असा दगा देतो का?

सदतीस नावं झाली. अडतिसावी गंगूबाई, माझ्या शेजारीच स्टुलावर बसलेली. तिला अक्षर येत नाही, फक्त आपला गिरणीतला तिकीट नंबर ओळखते, चारशे बारा, तिच्या नावापुढे टाईप केलेला तोच टक लावून बघत होती. लवूच्या शिकवणीप्रमाणे एस्केप दाबलं, सेव्ह केलं, दोन घोट चहा घेतला, आणि पुढचं नाव शांतीचं म्हणून मोठा एस दाबला. आय राहिला.

हुकमाच्या मोडमध्ये मोठा एस म्हणजे ओळ पूस, गंगूबाईची अख्खी ओळ गेली. तिच्या जागी शांती, तीही पहिल्या अक्षराशिवाय, मुंडकं छाटल्यासारखी.

"गो, माझो लंबर खंय गेलो?" गंगूबाई म्हणाली.

लवू पलंगावर लोळत होता, तिथूनच म्हणतो कसा, "घाबरू नकोस मावशी, यू दाब, परत येईल." दाबला यू. यूच उमटला, शांतीच्या शेपटीला. "अगं, आता तू लिहायच्या मोडमध्ये आहेस. आधी एस्केप, मग यू." म्हणजे बघा, लिहायला जावं तर पुसतो, आणि पुसलेलं परत मागावं तर लिहितो. शी. असला नोकर कुणी दारात उभा करील? कागद कधी...

"एकदा गिरणीन काढल्यान, आता ह्या डब्यान काढल्यान," गंगूबाई म्हणाली, आणि पिशवी उचलून निघालीच. हाताला धरून बसवली. एस्केप, यू, आला चारशे बारा परत, पण तिचा विश्वास काही परत येईना. घड्याळात चार, आणखी अकरा बायका बाकी. आणि हा शहाणा चहा फुंकत सांगतोय, "चूक एडिटरची नाहीच, मावशी. आपण कुठल्या मोडमध्ये आहोत ते माणसानं स्वतः लक्षात ठेवायचं असतं."

मी चष्मा काढला, खुर्चीवरून उठले, आणि म्हटलं, "लवू, ब्याऐंशी साली संपावर गेले, तो मिटला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा मी कुठल्या मोडमध्ये आहे ते कधीतरी गिरणीला विचारून ये, पण आत्ता तू इथे बस, मी नावं सांगते आणि तू टाईप कर."