टॉवेलाखालचा सौदा

टेनिस खेळून पोट भरतो म्हटलं की लोक परदेशातले किस्से विचारतात. मी आपला मामाचा सांगतो. मामा सारंगखेड्याचा, घोड्यांचा व्यापारी; बोलणं अहिराणी, त्यात 'लई' म्हणजे 'घेऊन'. तिथल्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मामा पहिल्यांदाच माझी मॅच बघायला पुण्याला आला. मध्येच माझी बोटं आखडली. फिजिओने हातावर ओला टॉवेल टाकला आणि खालून बोटं चोळायला घेतली. मामा तडक कोर्टावर.

"मन्हा भाचाले माले न इचारता इकत लई ऱ्हायना का तू?" म्हणत त्यानेही टॉवेलाखाली हात घातला.

मी म्हटलं, "मामा, इलाज करी ऱ्हायना तो. आधीच मी हारी ऱ्हायनू."

मामाने स्कोअरबोर्ड बघितला, हात काढून घेतला आणि फिजिओला म्हणाला, "मंग लई जा, भाऊ."