टेकडीवरची मार्था

दातांच्या दवाखान्यात मागच्या बाकावर एक शिल्पकार आणि त्याची बायको नंबराची वाट पाहत होते.

"अगं, झालं एकदाचं! टेकडीवर सगळे पुतळे उभे राहिले, उद्यापर्यंत कापडाने झाकलेत. उद्या प्रार्थनेची बाग उघडणार!"

"येशूच्या पायाशी ऐकत बसलेल्या मरीयेला माझ्या बहिणीचा चेहरा दिलात म्हणे?"

"शोभलाय गं!"

"आणि मरीयेची बहीण मार्था? ती पाहुण्यांसाठी चुलीपाशी राबणारी?"

"तिला तुझा."

"वा! टेकडी चढून सगळ्या कामगारांना रोज डबे मी पोचवले, आणि आता दगडातही मीच राबायचं?"

"पुरतं ऐक तरी! मार्थाला मी चुलीपासून उठवलं. येशूच्या शेजारी ऐसपैस बसवलंय, हात पुसता पुसता ऐकतेय!"

"खरंच बसवलंत मला?"

"देवाशप्पथ!"

"मग चुलीवरचं कोण बघतंय?"

"मी! माझाच पुतळा, हातात पळी. धर्मगुरू आधी म्हणाले, बायबलात हा माणूस कुठला? मग हसून हसून बेजार!"

"तुम्ही? अहो, करपेल की सगळं!"