ताटावरून उठायचं नाही

वेलिच्का : खाली बस. बस म्हणते ना! उठायचं नाही.

नेदको : अगं आई, उठलो कुठे? नुसता पाय हलवला. रीत म्हणून पेंढ्यावर बसून बसून मुंग्या आल्यात.

वेलिच्का : येऊ देत मुंग्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ताटावरून कुणी उठत नाही. काय हवं ते मला सांग. घरात मोठी आता मीच. उठायचं ते मी, तेसुद्धा वाकून, म्हणजे शेतात कणसं दाण्यांनी वाकतील.

एलित्सा : आई, काही नको. सगळं पुढ्यातच आहे. घेवडा, कोबीच्या पानातला भात, अक्रोड, मध... तिघांसाठी केवढं केलंत हो!

वेलिच्का : मग काय करू, सूनबाई? एप्रिलपासून या घरात एकटी आहे. भिंतींना का वाढायचं होतं? तुम्ही येणार म्हटल्यावर हाताला जरा काम मिळालं.

नेदको : आता काम पुरे. तीन दिवस चुलीपुढे लोळायचं, असं ठरवूनच आलोय. सोफियात पाठ टेकायला मिळत नाही. आणि बघ तरी, घर कसं उबदार केलंय तुझ्या लेकानं! सगळ्या खिडक्यांना पट्ट्या चिकटवल्या. वाऱ्याची बिशाद आहे आत यायची?

वेलिच्का : गुणाचा रे माझा. तुझ्या बापानं जन्मात हे करू दिलं नाही. बाहेर बर्फ पडत असला तरी ती कोपऱ्यातली खिडकी बोटभर उघडी ठेवायचा. पाठ गारठायची माझी. अख्खा संसार त्या खिडकीवरून भांडण्यात गेला.

नेदको : जिंकलीस ना शेवटी?

वेलिच्का : जिंकले. आता भांडायलाच कुणी नाही.

एलित्सा : ही पिसाना दाराशी का ओरडतेय मघापासून? बाहेर जायचं असेल का तिला?

वेलिच्का : या बर्फात? चुलीजवळून हलत नाही एरवी ती आळशी मांजर. ओरडू दे. उठेन मी जरा वेळानं. पाय जड झालेत माझे.

एलित्सा : मी सोडते ना पटकन.

वेलिच्का : तू नाही उठायचं! तू तर नाहीच.

नेदको : आई! केवढ्यानं ओरडतेस तिच्यावर.

वेलिच्का : ओरडले नाही. सांगितलं.

एलित्सा : बरं. बसले आहे मी. नेदको, चुलीतला तो नाताळचा ओंडका नीट का जळत नाहीये? नुसता धुमसतोय.

नेदको : आजच तोडलाय ना, ओला आहे. तो आजच तोडायचा असतो. त्यात भोक पाडून वाईन, तेल, धूप सगळं भरलंय आईनं. ओवी रचून अंगडं घालायचं तेवढं बाकी होतं.

वेलिच्का : थट्टा करू नकोस. रात्रभर पेटता राहिला पाहिजे तो. विझला तर घराला चांगलं नाही. तुझा बाप रात्रभर जागायचा त्याच्यापाशी.

नेदको : मी जागेन. पण डोळे आत्ताच मिटायला लागलेत.

एलित्सा : माझं डोकं फार चढलंय. धुपाचा वास जास्त झालाय का?

वेलिच्का : धूप नेहमीइतकाच फिरवला. घाटातली वळणं लागली असतील तुला. थोडा मध खा. आणि हे घे, अक्रोड. फोडा दोघांनी आपापला. मनात येतं वर्ष धरायचं आणि फोडायचा; गर पांढरा तर वर्ष चांगलं, काळा तर वाईट.

नेदको : परीक्षा आली. एलित्सा, आधी तू.

एलित्सा : हा... पांढरा आहे. चांगला निघाला.

वेलिच्का : देवमाते, तुझी कृपा. माझाही बरा आहे. नेदको?

नेदको : थांब, हाताला जोरच नाहीये. हं. फुटला.

वेलिच्का : दाखव.

नेदको : जाऊ दे ना. एक अक्रोड आहे.

वेलिच्का : दाखव म्हणते!

नेदको : काळा आहे. आतून नुसती भुकटी. झालं समाधान? दुसरा दे, तो फोडतो.

वेलिच्का : दुसरा चालत नाही. अरे देवा. कसला घेतलास रे? खालचा का घेतलास? मी वरचे निवडून ठेवले होते.

नेदको : आई, अगं रडतेस काय? जुने अक्रोड, कीड लागली असेल. हसावं की काय करावं या बाईला.

एलित्सा : आई, पाणी घ्या. खरंच काही नाही होत अक्रोडानं.

वेलिच्का : तू नको सांगूस मला काय होतं नि काय नाही.

नेदको : मी जरा आडवा होतो इथेच, पेंढ्यावर. आडवं होणं म्हणजे उठणं नव्हे ना? नियमात बसतं.

वेलिच्का : हो रे बाळा. पड. मी आहे जवळ. श्श. ऐकलंत?

एलित्सा : काय?

वेलिच्का : गुणगुणतोय कुणीतरी.

एलित्सा : मला नाही ऐकू येत.

वेलिच्का : माझ्या कानात येतंय. लांबून. दाढी करताना तो असाच गुणगुणायचा, सूर ना ताल. मी म्हणाले होते तुम्हाला. आज गेलेले सगळे घरी येतात जेवायला. म्हणून त्याचा चमचा मांडला. आला बघ तो.

एलित्सा : आई, असं नका बोलू. मला भीती वाटते.

वेलिच्का : भ्यायचं काय त्यात? आपलाच माणूस. किती गोड वाटतंय गं. अंग कसं हलकं झालंय. एप्रिलपासून झोप नव्हती मला, आज डोळ्यांवर अशी येतेय...

एलित्सा : तुमचं डोकं दुखतंय का?

वेलिच्का : दुखतंय थोडं. दुपारपासूनच. ओंडका ठेवला तेव्हापासून.

एलित्सा : आई, मी घाटातून आले म्हणून माझं दुखलं म्हणता. तुम्ही तर घरातच होतात. मग तुमचं का दुखतं? नेदको, तुझं?

एलित्सा : नेदको! तुझं डोकं दुखतंय का?

नेदको : अं. हं. झोपू दे ना.

एलित्सा : आई, मांजर गप्प का झाली?

वेलिच्का : कंटाळली असेल.

एलित्सा : पिसाना! पिस, पिस, पिस... आई, ती आडवी पडलीय. तिचं तोंड उघडं आहे. आई, बघा ना तिच्याकडे! तिचं पोट हलत नाहीये!

वेलिच्का : मला नाही दिसत एवढ्या लांबचं. सगळं धूसर झालंय.

एलित्सा : आई, धुराडं कुणी साफ केलं या वर्षी?

वेलिच्का : धुराडं?

एलित्सा : चुलीचं धुराडं! कोण साफ करायचं?

वेलिच्का : तोच करायचा. दर वर्षी, थंडीच्या आधी. कावळ्यांची घरटी काढायचा, काजळी काढायचा, मग अंगण काळं करून ठेवायचा. मी चिडायचे...

एलित्सा : आणि या वर्षी?

वेलिच्का : या वर्षी तो कुठे होता?

एलित्सा : धूर आत कोंडलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी असतो तो. खिडक्या बंद, धुराडं बंद. उठा आई, बाहेर पडायचं. आत्ता. मी दार उघडते.

वेलिच्का : खाली बस!

एलित्सा : आई—

वेलिच्का : उठलीस तर याद राख. हा धरला तुझा झगा, नाही सोडणार मी. गेल्या नाताळला तू उठलीस. फोन वाजला म्हणून उठलीस ताटावरून, बहिणीशी हसत बोललीस खिडकीत उभी राहून. मी काही बोलले नाही. सून आहे, शहरातली आहे, तिला काय कळतं म्हणाले. आणि एप्रिलात तो गेला. उभा माणूस, बागेत गेला नि परत आला नाही. आता नेदकोचा अक्रोड काळा निघालाय. माझ्या मुलाच्या जिवावर उठणार आहेस का तू?

एलित्सा : हे वर्षभर मनात होतं तुमच्या?

वेलिच्का : होतं.

एलित्सा : मग राहू दे. माझ्यामुळे गेले म्हणा. जन्मभर म्हणा. पण आत्ता झगा सोडा माझा. तुमच्या मुलाचे ओठ बघा कसे झालेत! हाक मारा त्याला. मारा ना, तुमच्या हाकेला तरी उठतो का बघा!

वेलिच्का : नेदको. नेदको, बाळा. ए लबाडा, ऊठ. जेवण राहिलंय तुझं.

वेलिच्का : नेदको!

वेलिच्का : सोडला. जा. जा, दार उघड. सगळं उघड!

एलित्सा : कडी निघत नाही... बर्फानं दार अडलंय. ढकलतेय मी. थांबा. आई, तुम्ही या दाराकडे, रांगत या!

वेलिच्का : माझे पाय नाहीत गं जागेवर. मला राहू दे. त्याला ओढ. त्याला आधी.

एलित्सा : एकटीनं नाही ओढवत! जड आहे हा. आई, तुम्ही ढकला त्याला मागून. पायांनी ढकला, कसंही ढकला. झोपू नका, आई! तुम्ही झोपलात तर मी दोघांना कशी काढू?

वेलिच्का : नाही झोपत. ढकलतेय. ढकलतेय मी. चल रे, चल. मेल्या, लहानपणीही असाच जड होतास. ओढ, एलित्सा. डोकं आपटलं तरी चालेल, ओढ तू!

(अंगणात, बर्फात. घराचं दार मागे सताड उघडं. एलित्सा फोनवर.)

एलित्सा : ...हो, तिघं. म्हातारी आई शुद्धीवर आहे. तो श्वास घेतोय, पण उठत नाही. खालच्या वाटेला कुणी नाही, सगळी घरं बंद आहेत इथली. किती वेळ? नाही, लवकर. प्लीज, लवकर या.

वेलिच्का : काय म्हणतात?

एलित्सा : बर्फ काढणारी गाडी पुढे घालून रुग्णवाहिका आणताहेत. घाट बुजलाय. त्याला कुशीवर वळवा म्हणतात, आणि झोपू देऊ नका म्हणतात. नेदको! डोळे उघड. बघ माझ्याकडे. मी पांघरुणं आणते आतून.

वेलिच्का : आत नाही जायचं तू.

एलित्सा : थंडीनं मरेल तो, आई.

वेलिच्का : माझी शाल घे. अंगातला कोट घे, आत अजून एक घातलाय मी. आत पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन तुझी. शेळ्यांच्या गोठ्यात जाऊ. तिथे ऊब आहे आणि वाराही येतो.

एलित्सा : पिसाना आतच राहिली.

वेलिच्का : ती गेली, पोरी. मला तिथून जाताना कळलं. तीच सांगत होती मघापासून, आणि मी म्हटलं ओरडू दे.

नेदको : ...गार.

एलित्सा : बोलला! नेदको, बोल, परत बोल!

नेदको : गार लागतंय. ओकारी येतेय.

एलित्सा : ओक. ओक, माझ्या अंगावर ओक, काय वाटेल ते कर. आई, बोलला तो!

वेलिच्का : ऐकलं मी. रडू नकोस, गालावर बर्फ होईल. उचल त्याला, एक हात माझ्या खांद्यावर टाक.

नेदको : आई... तू ताटावरून उठलीस?

वेलिच्का : उठले. वाकूनही नाही, रांगत उठले.

नेदको : ओंडका...

वेलिच्का : विझू दे मेला. इथे, या पेंढ्यावर टेकव त्याला. शेळी सरकव. हां. एलित्सा, तूही बस, त्याला चिकटून. तुझे ओठ बघ कसे झालेत.

एलित्सा : आई, ते गुणगुणणं अजून येतंय का कानात?

वेलिच्का : येतंय. कमी झालंय. किती बरं वाटत होतं गं आत. तुला खरं सांगते, मला यायचंच नव्हतं बाहेर. मला न्यायला आला असता ना तो, तर मी मुकाट्यानं गेले असते. पण या पोराला न्यायचा हक्क त्यालाही नाही.

एलित्सा : ते आले नव्हते, आई. धूर होता तो.

वेलिच्का : माहीत आहे. जवळ सरक. मी तुला जे बोलले ते...

एलित्सा : आत्ता नको, आई. आधी गाडी येऊ दे. नेदको? नेदको, डोळे मिटू नकोस. आई, परत मिटतोय हा!

वेलिच्का : ए! जागा राहा. बोलत राहा आमच्याशी.

नेदको : काय बोलू?

वेलिच्का : बापाला शिव्या घाल. धुराडं तसंच टाकून गेला म्हणून. घाल तू, मीही घालते.