ओढ्याचा चकवा आन लगमव्वाची डुकरीण

ऐका रं. सरकून बसा, त्या कंदिलाला कुनी लाथ मारू नगा.

तर आपल्या सिद्राम वडाराची लेक लगमव्वा. इशीतली पोर. बाप जन्मभर दगूड फोडून वाकलेला. ही म्हनली, "मी छन्नी धरनार न्हाई. डुकरं पाळनार." सगळी हसली, बापबी हसला. हिनं घरामागं खोपाट घातलं आन बाजारातनं गाभण डुकरीण घेतली. एकच! ती जगली तर धंदा, न्हाईतर पुन्हा दगूड.

टेंपोवाल्यानं जनावर चढवू दिलं न्हाई. निघाली बिचारी दिवस बुडताना, पायी. एका हातात डुकरिणीची दोरी, दुसऱ्यात बादली, बादलीत मूठभर मका. खुळखुळ वाजली की डुकरीण मागनं येती.

पुलावरनं जायाचं तर दोन कोस. डुकरीण धापा टाकाय लागली. वाटंतच व्याली तर? भ्याली पोर, आन शिरली ओढ्याच्या बाभळीत. शिरू नये तिथं!

आदी गावचा दिवा दिसला. आलं की गाव! चालली, चालली, तर पुढं वाकडी बाभळ. पुन्हा चालली. पुन्हा तीच बाभळ! मग मागनं आईची हाक, "लगमेऽऽ!" पोर शानी, ओ दिली न्हाई. पर चकवा सोडतोय व्हय? त्यानं हिला सोडलं आन जनावराला धरलं. पुढं अंधारात बादली वाजली. खुळखुळ! आन हिची बादली हिच्याच हातात, गप!

डुकरीण सुटली की हो तिकडं. दोरीनं हात सोलला. आन पुढं काय? बिनकठड्याची हीर!

"थांब गं बाई!" लगमी वरडली. "तुझ्याबिगार काय हाय मला?"

जनावर ऐकतंय व्हय! मग तिनं डुकरंवाली करत्यात तेच केलं. मका वतला, आन रिकामी बादली डुकरिणीच्या तोंडावर घातली. डोळ्यापुढं बादली आली की डुक्कर मागं सरतंय, मागंच! एका हातानं बादली दाबली, दुसऱ्यानं शेपूट धरून वळवत निघाली. दोघी उलट्या!

आता चकवा पुढं जानाऱ्याची वाट फिरवतोय. मागं सरनाऱ्याचं काय करनार? पुढं खुळखुळ वाजवून वाजवून त्योच दमला! मग चिडला. बाभळी हलल्या, खडं पडलं, कानाशी कुनीतरी रडलं. हिनं शेपूट सोडलं न्हाई.

आन पायाखाली डांबर लागलं. खरं डांबर! लांब कुत्री भुकली. लगमी मटकन बसली. डुकरीण आडवी झाली आन रस्त्याकडंलाच व्याली. एक, दोन, तीन... नऊ पिल्लं! लगमी वढनीनं एकेक पुसतीया, रडतीया, हसतीया. सुटली पोर! आजबी हितवर आलो की माझाच जीव भांड्यात पडतोय बगा.

सिद्राम बॅटरी घेऊन हुडकत आला. डोईचा पटका सोडला, त्यात पिल्लं गुंडाळली आन म्हनला, "चल पोरी. पुलावरनं जाऊ, हळूहळू."

तवा ऐका, ती बाभळीतली वाट धरू नगा. लांबनं या. कितीबी उशीर होऊ द्या, घरची जागीच असत्यात.