पलीकडचा धक्का येईपर्यंत

फेरीबोटीच्या कॅन्टीनमध्ये तव्यावरची स्वेले नावाची जाड, गोड धिरडी उलटता उलटता सिग्नी दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होती.

“तोर्गेर, खाडीखालचा बोगदा झाला की ही फेरी बंद. मग आपल्या बँडची गाणी इतकी लांब का, ते कुणाला कळणार?”

“लोकांना त्यात अथांग अवकाश दिसायचं!”

“कसलं अवकाश! इथे चाल बांधायची, पलीकडचा धक्का येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच.”

“रेडिओवाले म्हणायचे, कापून आणा.”

“कापणार कसं? फेरी काय अर्ध्यात थांबते?”

“शेवटचं गाणं थांबलंच की, ओड्वार.”

“तूच यायचा बंद झालास.”

“आज आलोय ना?”

ओड्वारने दोन चमचे तोर्गेरपुढे सरकवले. टेबलावर ठेका सुरू झाला.

भोंगा वाजला. सिग्नीने हाक मारली, “आजोबा, धक्का आला. उतरायचं नाही?”

“नाही गं पोरी. अजून अर्धं राहिलंय.”