हत्तीची मुकी शिंक

दवाखान्यात लेकीच्या डब्याचं झाकण टणकन पडलं आणि शांतता मोडली. तशी शेजारच्या बाकावर आजोबांसोबत बसलेल्या आजींनाही वाचा फुटली. लेकीला मांडीवर घेऊन आई कान देऊन ऐकू लागली.

“अहो, जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून ते लिनक्स घातलंत, तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर नातीला आपण दिसतो, पण ऐकू काही जात नाही.”

“म्हणून तर तिला हत्तीची मुकी शिंक करून दाखवतो.”

“काल मी बाहेर गेले, तेव्हा माइक चालू झाला म्हणे?”

“झाला. महिनाभर डोकं फोडल्यावर. म्हटलं, ‘बाळा, आजोबा बोलतोय.’”

“मग?”

“म्हणाली, ‘बोलू नका, हत्ती करा.’ मी माइक बंद केला. आता पुन्हा चालूच होत नाही.”

“आणि वर हसताय?”

“अगं, ती किती हसली.”

“आई,” लेकीनं विचारलं, “शिंकताना हत्ती सोंडेवर रुमाल कसा धरतो?”